प्लगच्या वायरी किलोमीटर पाहून नव्हे, तपासून बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाहनांच्या देखभालीवर लेख आला होता. टायर, बॅटरी, ऑइल यांवर त्यात बरेच काही चांगले आहे. पेट्रोल गाडीत ठिणगी पाडून इंधन पेटवणाऱ्या स्पार्क प्लगच्या वायरींना मात्र जेमतेम चार ओळी मिळाल्या, आणि त्यातले तिन्ही सल्ले मला खटकले. पहिला, वायरी दर दोन वर्षांनी न बघता बदलून टाका. दुसरा, त्या पेट्रोलच्या फडक्याने पुसून चकचकीत ठेवा. तिसरा, इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची कॅप, म्हणजे वायरीच्या टोकाचे रबरी टोपण, उपसून बघा, म्हणजे कोणता सिलिंडर मार खातोय ते कळेल. पहिल्याने पैसे जातील, दुसऱ्याने वायरी जातील आणि तिसऱ्याने काय काय जाईल ते सांगवत नाही.

माझी सगळी नोकरी गाड्यांच्या वायरी बनवणाऱ्या कारखान्यात गेली. हाय टेन्शन, म्हणजे प्लगकडे जाणाऱ्या उच्च व्होल्टेजच्या, वायरींच्या विभागात मी तपासनीस होते. टोक सोललेले, टर्मिनल दाबलेले, कॅप चढवलेली वायर टेबलावर आली की ती मीटरवर लावायची, ओढून बघायची, नमुने भट्टीत घालायचे आणि नापास माल बाजूला काढायचा, हेच माझे काम. त्यामुळे वायर कशाने मरते हे मला तिच्या पोटात शिरून माहीत आहे. गाडीच्या बाकी भागांबद्दल मी तज्ज्ञ असल्याचा दावा नाही.

तिसऱ्या सल्ल्यापासून सुरुवात करते, कारण उद्या कोणी तो करून बघेल. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉईलमधून, म्हणजे व्होल्टेज वाढवणाऱ्या भागातून, निघतात तेव्हा त्यांचे १५ ते ४० हजार व्होल्ट झालेले असतात. प्लग जोडलेला असताना हा दाब प्लगच्या फटीत ठिणगी पडली की तिथेच मोकळा होतो. कॅप उपसली की ती वाट बंद होते. मग दाब वाढत वाढत कॉईलच्या कमालीपर्यंत जातो आणि जिथे इन्सुलेशन कच्चे असेल तिथून फुटतो: कधी कॉईलच्या आतून, कधी ठिणगी पाळीपाळीने प्रत्येक प्लगकडे पाठवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधून, तर कधी कॅप धरलेल्या माणसाच्या हातातून. ज्याच्या छातीत पेसमेकर बसवला आहे त्याने तर चालू इंजिनच्या या वायरींजवळ हातही नेऊ नये. शिवाय ठिणगी थांबली तरी पेट्रोल थांबत नाही. न जळलेले पेट्रोल सरळ सायलेन्सरच्या वाटेने धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळेपर्यंत ते प्रकरण तापू शकते. कार्ब्युरेटरच्या जमान्यातले जुने मेस्त्री ही युक्ती करत, हे खरे. तेव्हा कन्व्हर्टर नव्हता आणि कॉईलचा जोरही आजच्यापेक्षा कमी होता. आता तेच काम करायला सोय आहे. प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारा वेगळा इंजेक्टर असलेल्या गाडीत त्या इंजेक्टरचा कनेक्टर काढला की पेट्रोलच जात नाही; इंजिनचा आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करत होता, बदलला नाही तर दुखणे तिथेच. किंवा टायमिंग लाइटचा (वायरीतल्या प्रत्येक ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) चिमटा एकेका वायरीला लावून बघा. झबझब नियमित येत असेल तर त्या वायरीतून ठिणगीचा करंट जातो आहे. मधेच खाडा पडला तर ती वायर किंवा तिच्या मागचे काहीतरी संशयित. यात काहीच उपसावे लागत नाही.

आता वायरच्या पोटात काय असते ते सांगते, म्हणजे पुढचे सगळे आपोआप समजेल. बाहेरून ही वायर जाड दिसते म्हणून लोकांना वाटते आत तांब्याचा भरभक्कम दोर असेल. बहुतेक गाड्यांत आत तांबे नसतेच. काचतंतू किंवा अ‍ॅरामिड तंतूंचा एक दोरा असतो आणि त्याला कार्बनचा लेप दिलेला असतो. करंट त्या लेपातून जातो. हा दोरा मुद्दाम रोध असलेला, म्हणजे करंटला थोडा अडवणारा, ठेवतात, कारण प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटा रेडिओ प्रक्षेपक असतो. रोध नसेल तर गाडीतल्या रेडिओवर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी खरखर ऐकू येते आणि आजच्या गाड्यांत सेन्सरच्या सिग्नलातही तीच घाण मिसळू शकते. दुसऱ्या प्रकारात गाभ्याभोवती बारीक धातूची तार दाट वेटोळी गुंडाळलेली असते. तिचा रोध कमी असतो, पण वेटोळ्यांमुळे खरखर दबते. दोऱ्याभोवती रबराचे इन्सुलेशन, त्यावर बळकटीसाठी विणलेली जाळी, त्यावर पुन्हा रबराचे किंवा सिलिकॉनचे आवरण. सगळे मिळून जाडी ७ किंवा ८ मिलिमीटर. म्हणजे जाडी जवळपास सगळी कोंडून धरण्यासाठी असते, वाहून नेणारा भाग आत दोऱ्याएवढाच.

टोकाला गंमत आहे. आवरण अर्ध्या इंचाइतके सोलून कार्बनचा दोरा बाहेर काढतात, तो मागे दुमडून आवरणावर आडवा ठेवतात आणि वरून पितळेचे किंवा स्टीलचे टर्मिनल दाबतात. टर्मिनल आवरणाला घट्ट धरते. दोरा मधे नुसता चेपलेला असतो. कोणी प्लगची कॅप काढताना कॅपऐवजी वायर धरून ओढली की आवरण रबराचे असल्यामुळे ताणले जाते आणि परत जागेवर येते. आतला दोरा ताणला जात नाही. तो टर्मिनलजवळ निसटतो किंवा त्याचा लेप तुटतो. बाहेरून वायर नवीकोरी दिसते. आत अर्ध्या मिलिमीटरची फट पडलेली असते.

मजा म्हणजे गाडी त्यानंतरही चालते. प्लगची फट ओलांडणारा करंट ही आतली फटही ओलांडतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी चालत असेल तर एका सिलिंडरला सेकंदाला २५ ठिणग्या लागतात. म्हणजे वायरच्या पोटात सेकंदाला २५ वेळा एक नको असलेली ठिणगी पडत राहते आणि दरवेळी थोडा कार्बन जाळते. फट रुंदावत जाते. अशा वायरी मी ब्लेडने उभ्या चिरून पाहिल्या आहेत. बाकी सगळीकडे दोरा काळा कुळकुळीत, टर्मिनलजवळ मात्र पांढुरका पडलेला, लेप उडालेला आणि आजूबाजूच्या रबराला आतून करपल्याची नळी तयार झालेली. बोट फिरवले की भुकटी हाताला लागते. गाडी मिसिंग मारायला, म्हणजे ठिणगी चुकवत अडखळायला, लागली ती त्या दिवशी, पण वायर मेली होती आधीच्या सर्व्हिसिंगला, कोणीतरी घाईत हिसका दिला तेव्हा.

म्हणून वायरीचे आयुष्य वाढवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ती काढणाऱ्या हाताकडे लक्ष ठेवणे. इंजिन थंड होऊ द्यावे. उष्णतेने कॅपचे रबर प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीला चिकटलेले असते, ते आधी सोडवायला हवे. त्यासाठी कॅप धरून डावीउजवीकडे अर्धा वळसा द्यायचा, ती फिरायला लागली की मगच सरळ वर ओढायची. बोट जात नसेल तर कॅप धरण्याची खास लांब चोचीची पक्कड मिळते. साधी पक्कड वायरीला लावू नये आणि स्क्रू ड्रायव्हरने कॅप उचकटू तर नयेच. रबराला गेलेला एवढासा तडाही पुढे करंटला वाट करून देतो. परत बसवताना टर्मिनल प्लगच्या डोक्यावर बसल्याचा टक् असा आवाज किंवा हाताला तसा झटका जाणवला पाहिजे. तो आला नाही तर कॅप वर तरंगते आहे. काही प्लगच्या डोक्यावरची छोटी बोंडी आट्याची असते, ती सैल असली तरी हेच होते. नवा प्लग लावताना ती पिळून बघण्याची तसदी फार थोडे लोक घेतात.

वायरी लवकर जाण्याचे दुसरे कारण वायरीत नसतेच. ते असते जुन्या प्लगमध्ये. प्लगची फट साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटर असते. ठिणगीने इलेक्ट्रोड झिजतो, फट वाढते आणि फट वाढली की ती ओलांडायला जास्त व्होल्टेज लागते. कॉईल बिचारी मागेल तेवढे देते. तो वाढीव दाब सोसतो कोण? वायरीचे रबर. आधी जे इन्सुलेशन निवांत होते त्याच्यावर आता दिवसरात्र जास्तीचा ताण. कुठे जुना ओरखडा असला की तिथून करंट बॉडीकडे पळायला लागतो. मग वायर बदलली जाते, प्लग तेच राहतात आणि वर्षभरात नवी वायरही त्याच वाटेने जाते. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असा तो प्रकार. साध्या निकेलच्या प्लगला मॅन्युअलमध्ये बहुधा ३० ते ५० हजार किलोमीटरच्या दरम्यानचा आकडा दिलेला असतो, इरिडियम आणि प्लॅटिनमला त्याहून बराच जास्त. तो पाळला तर वायरींवर उपकार होतात. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत ही काळजी आणखी घ्यावी लागते, कारण गॅसच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. पेट्रोलवर ठीक पळणारी गाडी गॅसवर टाकताच आचके द्यायला लागली, तर गॅसच्या किटला शिव्या देण्याआधी प्लग आणि वायरी पाहाव्यात.

मग येतात उष्णता आणि तेल. सिलिकॉनचे आवरण २०० अंशांच्या आसपास तग धरते, साधे रबर त्याच्या बरेच आधी कडक होते. पण इंजिनातून गरम धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड त्याहून कितीतरी जास्त तापतो, त्याला टेकलेली कोणतीच वायर टिकत नाही. कंपनीने वायरींसाठी प्लॅस्टिकच्या खाचा आणि क्लिपा दिलेल्या असतात त्या याचसाठी. कामाच्या वेळी काढलेली क्लिप नंतर डब्यात पडून राहते, वायर लोंबकळते, मॅनिफोल्डला टेकते किंवा कंपनांनी एखाद्या कडेवर घासत राहते. सिलिकॉन उष्णतेला पक्के असले तरी कापायला मऊ असते, हे ध्यानात ठेवावे. बॉनेट उघडल्यावर रिकामी क्लिप दिसली तर ती भरून घ्या. मिनिटाचे काम आहे. उंदरांचे मी काय सांगू, ते सिलिकॉनही सोडत नाहीत.

तेलाचे तर वेगळे सांगायला हवे. बऱ्याच इंजिनांत प्लग खोल विहिरीसारख्या नळीत बसलेले असतात आणि ती नळी इंजिनच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरच्या मधून जाते. तिचे सील कडक झाले की ऑइल झिरपून विहिरीत साचते. कॅप त्यात बुडून बसते, रबर फुगते, मऊ पडते, लोण्यासारखे होते. कॅप बाहेर काढल्यावर टोक तेलाने माखलेले दिसले तर नुसती वायर बदलून उपयोग नाही. आधी सील आणि कव्हरचे पॅकिंग. कूलंटची गळती असेल तर तीच गत.

आणि म्हणूनच पेट्रोलचे फडके नको. पेट्रोल, रॉकेल, थिनर यांनी रबरातला तेलकटपणा निघून जातो, पृष्ठभाग सुकतो आणि काही दिवसांत बारीक भेगांची जाळी उमटते. वायरीवरची धूळ आणि तेलाचा थर पुसायलाच हवा, कारण ओल धरली की तोच थर करंट वाहून नेतो. पण त्यासाठी कोरडे सुती फडके पुरते. फारच चिकट असेल तर सौम्य साबणाच्या पाण्यात पिळून घेतलेले फडके, आणि मग पूर्ण कोरडे करणे. इंजिनवर पाण्याचा फवारा मारून धुण्याची हौस ज्यांना आहे त्यांनी ती आवरावी. कॅपच्या आत ग्रीस लावायचे असेल तर ते सिलिकॉनचे, डायइलेक्ट्रिक म्हणून मिळते ते; आणि कॅपच्या तोंडाशी आतून बोटाने पातळ हात फिरवायचा, बस. त्याने कॅप चिकटत नाही आणि ओल आत शिरत नाही. बेअरिंगचे पिवळे ग्रीस चालत नाही, ते रबर खाते.

कॅपवरून आठवले. कॅपच्या आत टॉर्च मारून बघण्याची सवय लावून घ्यावी. कॅप आणि प्लगची चिनी माती यांच्या मधल्या फटीतून करंट कधीकधी सरपटत खाली प्लगच्या लोखंडी भागाकडे जातो. जाताना मागे पेन्सिलने ओढावी तशी एक बारीक काळी रेघ सोडतो, वाकडीतिकडी, वरून खालपर्यंत. ती रेघ म्हणजे कार्बन, आणि कार्बन म्हणजे वाहक. एकदा रस्ता पडला की करंट पुढच्या वेळी तोच धरतो, फटीत ठिणगी पडायची बंद. आता लक्षात घ्या: रेघ चिनी मातीवर असते तशी तिच्यासमोर कॅपच्या रबरातही असते. नुसता प्लग बदलला तर कॅपमधली रेघ नव्या प्लगवर काही दिवसांत तसाच रस्ता पाडते. नुसती वायर बदलली तर प्लगवरची रेघ नव्या कॅपला खराब करते. दोन्ही एकाच वेळी बदलावे लागते. ‘नवा प्लग टाकला तरी पुन्हा तेच’ ही तक्रार ऐकली की माझा पहिला संशय याच्यावर असतो. याच्या उलट, चिनी मातीच्या बुडाशी, जिथे ती लोखंडात शिरते तिथे, तपकिरी कडे दिसते ते निरुपद्रवी असते. उच्च व्होल्टेजच्या भोवती तेलाचे आणि धुळीचे कण ओढले जाऊन बसतात, त्याचा तो डाग. तेवढ्यावरून प्लग फेकू नये.

बिघाड झाल्याचे कळते कसे? सकाळी दमट हवेत स्टार्ट होताना कुरकुर, आयडलिंगला इंजिन थरथरणे, अ‍ॅव्हरेज पडणे, रेडिओत नवी खरखर, ही सगळी लक्षणे आहेतच. पण वायरीची खास खूण म्हणजे गाडी रिकामी उभी असताना ठीक आणि चढावर वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की धक्के. कारण साधे आहे. लोड आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, दाबलेल्या हवेत ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते, आणि तेवढे व्होल्टेज चढेपर्यंत करंटला रबरातली भेग अधिक सोपी वाटते. आयडलिंगवर तपासून ‘काही नाही, गाडी ठीक आहे’ असे सांगणाऱ्या मेस्त्रीला चढावर घेऊन जावे. डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र चढावर वगैरे जाऊ नका. सतत पेटलेला दिवा म्हणजे दाखवून घ्या. लुकलुकणारा म्हणजे कन्व्हर्टर भाजणारे मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणे) आत्ता चालू आहे, पाय हलका करा आणि जमेल तितक्या लवकर गाडी थांबवा. स्कॅनरवर पी ०३०१, पी ०३०२ असे कोड येतात, त्यातला शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी ०३०० आले तर मिसफायर एकाच सिलिंडरला चिकटलेले नाही. कोड सिलिंडर सांगतो, वायर दोषी आहे असे सांगत नाही. इंजेक्टर, हवेची गळती, कॉम्प्रेशन, सगळेच त्या एका कोडमागे लपू शकतात.

तपासणीत लोक मीटरवर फार भिस्त ठेवतात. मीटर लावावाच, पण तो काय सांगतो ते समजून. वायर दोन्ही टोकांनी काढून मल्टिमीटर ओहमवर ठेवून मोजा. कार्बनच्या वायरीला फुटामागे काही हजार ओहम येतात, वेटोळ्याच्या वायरीला काही शे. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये एका वायरीची कमाल मर्यादा २५ किलोओहम दिलेली असते. आपल्या गाडीचा आकडा आपल्याच मॅन्युअलमधून घ्यावा. लांब वायरीचा रोध जास्त आणि आखूडीचा कमी येणारच, तेव्हा लांबीच्या हिशेबाने एकमेकींशी ताडून बघा. एखादीच भलतीकडे असेल तर ती पकडली. आणि मोजताना वायर हळूहळू वाकवत, टोकाजवळ हलवत राहा. आकडा उड्या मारायला लागला किंवा मधेच अनंत झाला तर आत दोरा तुटला आहे. आमच्या टेबलावर सरळ ठेवून पास होणारी आणि वाकवताच नापास होणारी वायर रोज सापडायची.

पण मीटर फक्त दोऱ्याची परीक्षा घेतो. रबराला भेग आहे की नाही हे छोट्या बॅटरीवर चालणाऱ्या मीटरला कळणार नाही, कारण त्या भेगेतून पळायला हजारो व्होल्ट लागतात. त्यासाठी अंधार आणि पाणी. रात्री, उघड्यावर, बंद गॅरेजमध्ये मुळीच नाही, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. इंजिन चालू करून बॉनेट उघडा आणि हात मागे ठेवून नुसते बघा. निळी ठिणगी टिकटिक करत वायरीवरून लोखंडावर उडताना दिसली तर पुढे काही तपासायला नको. दिसली नाही तर झाडांवर मारतात त्या पंपाने वायरींवर अगदी बारीक तुषार सोडा. धार नको, अल्टरनेटरवर नको. तुषार पडताच इंजिन अडखळले, की ज्या वायरीवर पडला तिचे इन्सुलेशन गेले. दमट रात्री वायरीभोवती अगदी फिकट निळसर झाक दिसू शकते, तिला घाबरू नये. उडणारी, आवाज करणारी ठिणगी ती खरी.

मीटर आणि तुषार दोन्हींत काही सापडले नाही आणि कोड मात्र एकाच सिलिंडरचा येत राहिला, तर लांबी पुरत असेल अशा दोन वायरींची अदलाबदल करा. इंजिन बंद ठेवून. फक्त वायरी बदलायच्या, कॉईलवरचे कोणते भोक कोणत्या सिलिंडरचे ते बदलायचे नाही. मिसफायर वायरीबरोबर दुसरीकडे गेले तर वायर दोषी, जागेवरच राहिले तर नाही. एका जोडकॉईलवर दोन प्लग चालणाऱ्या गाड्यांत जरा सांभाळून निष्कर्ष काढावा लागतो. तिथे १ आणि ४, तसेच २ आणि ३ हे सिलिंडर जोडीने ठिणगी घेतात. करंट एका वायरीने जाऊन, दोन्ही प्लग आणि इंजिनचे हेड ओलांडून दुसऱ्या वायरीने परत येतो. त्यामुळे १ ची वायर तुटलेली असताना रड ४ नंबरचीही ऐकू येते.

राहता राहिला दोन वर्षांचा सल्ला. चांगल्या, नीट बसवलेल्या वायरींना ६० हजार ते १ लाख किलोमीटर अवघड नाहीत. मॅन्युअलमध्ये मुदत दिली असेल तर ती पाळावीच, वॉरंटीचाही प्रश्न असतो. कमी पळणारी गाडी असेल तर किलोमीटरवर जाऊ नये, रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. वायर वाकवून बघा: आवरण कडक लागते का, वाकवताच बाहेरच्या बाजूला भेगा उघडतात का, कुठे चकाकी आली आहे का, तेलाने फुगून चिकट झाली आहे का. यातले काही असेल तर मीटर पास म्हणाला तरी बदला. काहीच नसेल, मापही ठीक असेल आणि मॅन्युअलची मुदतही झालेली नसेल, तर कोणी कितीही आग्रह केला तरी राहू द्या आणि ‘दोष कुठे आहे ते दाखवा’ म्हणा. दाखवायला दोन मिनिटे लागतात.

बदलायच्या ठरल्या तर मात्र पूर्ण संच बदला. एक गेली म्हणजे बाकीच्याही त्याच उष्णतेत, तेवढीच वर्षे होत्या. अपवाद एकच, उंदराने कुरतडलेली किंवा हिसक्याने तुटलेली एखादी, बाकीच्या नव्या असताना. डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाडीत त्याची कॅप आणि आतला फिरता रोटरही त्याच वेळी उघडून बघावेत. त्या कॅपच्या भोकांत हिरवट पांढरी भुकटी साचली असेल तर नवी वायरही तिथे नीट टेकणार नाही. काढायच्या आधी फोनवर फोटो घ्या आणि एक काढून एक लावा. चारही एकदम उपटल्या की कोणती कुठली यावरून वाद सुरू होतात आणि इंजिन बॅकफायर मारून निकाल देते.

वाटेचीही काळजी घ्या. चार सिलिंडरच्या इंजिनात ठिणगीचा क्रम बहुधा १-३-४-२ असतो. म्हणजे शेजारशेजारचे ३ आणि ४ लागोपाठ पेटतात. त्यांच्या वायरी लांबवर एकमेकींना चिकटून समांतर नेल्या तर एकीतला दाब दुसरीत उमटू शकतो आणि पुढच्या सिलिंडरला अवेळी ठिणगी मिळू शकते. काही मेस्त्री हौसेने सगळ्या वायरी केबल टायने एकत्र आवळून जुडी करतात. दिसायला फार नीटनेटके. मला ती जुडी दिसली की हात शिवशिवतात. वायरींमध्ये अंतर हवे, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी, आणि धातूची पट्टी तर कुठेच नको.

तांब्याच्या गाभ्याची वायर ‘भारी’ म्हणून कोणी सुचवली तर नम्रपणे नकार द्या. रेडिओ नसलेल्या जुन्या गाड्यांची ती गोष्ट. कंप्युटरवर चालणाऱ्या गाडीत ती खरखर पसरवते. रंगीत, जाडजूड वायरींनी ताकद वाढते हेही तसेच. ज्या वायरीतून पूर्ण ठिणगी पोचते तिच्या जागी दुसरी पूर्ण ठिणगी पोचवणारी वायर लावून इंजिनला काय नवे मिळणार?

ज्यांच्या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल बसवलेली आहे त्यांना या वायरी नाहीतच. पण कॉईलखाली रबरी नळी आणि स्प्रिंग असते, तेल, काळी रेघ आणि ग्रीस यांचे वर लिहिलेले सगळे तिला तसेच लागू. डिझेलवाल्यांनी हे पत्र सोडून दिले तरी चालेल.

जुना संच फेकण्याआधी त्यातली सर्वांत लांब, मीटरवर आणि वाकवून पास झालेली एक वायर अडीनडीला म्हणून कोरड्या पिशवीत गुंडाळून डिकीत टाकून ठेवा. लांब वायर कोणत्याही सिलिंडरला पोचते, आखूड पोचत नाही. गुंडाळताना मात्र मोठी वेटोळी करा, घडी घालू नका.

आपली,
एक नियमित वाचक
(निवृत्त तपासनीस, हाय टेन्शन वायर विभाग)